टाकीवरची पाखरी

लातूर जिल्हा झाल्याचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं, तोवर पाऊस रुसला. औशाच्या बाजारात लोक एकमेकांना सांगायचे, जिल्हा तेवढा लातूरला आला, पाऊस मात्र उस्मानाबादेतच राहिला. कवठाळवाडीला पाणी घेऊन येणाऱ्या टँकरवरसुद्धा आधीचं 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' रंगवलं होतं, आणि रंग पातळ पडल्यानं दोन्ही नावं एकदम वाचता यायची. टँकर यायचा, शाळेजवळच्या सिमेंटच्या टाकीत पाणी ओतायचा आणि गावाच्या अंगावर धूळ उडवत निघून जायचा. टाकीला एकच तोटी होती, पितळी, आडव्या दांडीची. दांडी खाली ओढली की धार, वर ढकलली की बंद.

त्या तोटीपाशी चांगुणा बसायची. खडीच्या कामावर तिच्या पायावर दगड पडला, पाऊल सुजलं, आणि सरपंच पंचाक्षरीअप्पांनी तिला टाकीवर नेमलं. सगळं गाव सकाळी पाणी भरून रोजगार हमीच्या कामावर जायचं ते दिवस कलताना परतायचं. मधल्या वेळात टाकी राखायला कुणीतरी हवं होतं, आणि लंगडणाऱ्या बाईला दुसरं काय काम द्यायचं, असा अप्पांचा सरळ विचार. चांगुणाला मात्र ते एवढं सरळ वाटत नव्हतं. बौद्धवाड्यातल्या बाईनं आपल्या हातानं गावाच्या घागरी भरायच्या, हे या गावात कधी झालं नव्हतं. पहिल्या दिवशी ती धुवट लुगडं नेसून, केस चापूनचोपून टाकीवर निघाली. नवरा भीमा म्हणाला, "पानी वाटायला चाललीस का लग्नाला?" ती म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं." त्याला कळलं होतं, म्हणून तर तो थट्टा करत होता.

गावानं थोडे दिवस तोंडं वाकडी केली, कुजबुज केली, मग तहानेपुढं सगळे गप झाले. चांगुणानं दांडी ओढावी, घागर भरावी, पुढची घ्यावी. एक शेषेराव तेवढा वेगळा.

शेषेराव गोड माणूस. पंधरा-वीस एकरांचा धनी, पण कुणाला लागेल असं बोलायचा नाही. सकाळी घोडीच्या दोन्ही अंगांना घागरी बांधून यायचा आणि म्हणायचा, "तू बस गं चांगुणे, तुझा पाय दुखतोय. मी घेतो माझं भरून." मग स्वतः दांडी ओढायचा, धारेतलं पाणी हातानं तोटीवर उडवायचा, पुन्हा उडवायचा, तोटी पार धुऊन निघाली की मग घागर लावायचा. थेंबाथेंबाला महाग झालेलं पाणी मातीत जायचं. सगळी रांग ते बघायची आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही. चांगुणाही काढायची नाही, पण तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शिवी दिली असती तर उलटून देता आली असती. गोड बोलणाऱ्याला काय द्यायचं?

आणि शेषेरावाच्या खांद्यावरून मान पुढं काढून त्याची घोडी, पाखरी, ते रोज बघत असायची.

पाखरी काळीपांढरी, अबलख होती, माळेगावच्या यात्रेतून आणलेली. आसपासच्या गावांत तिच्याशिवाय वरात निघायची नाही. हलगी कडाडली की ती अशी काही नाचायची की वर बसलेल्या नवरदेवाला लग्नापेक्षा खाली उतरायची घाई व्हायची. तिच्या अकलेच्या गोष्टी शेषेराव छाती फुगवून सांगायचा आणि त्याची बायको गुणाबाई कपाळाला हात लावून सांगायची. दाव्याची गाठ दातानं सोडायची. नुसती आपली नाही, शेजारच्या वासरांचीही. वासरं गायींना जाऊन झोंबली, आरडाओरडा झाला, की ही आपल्या खुंट्यापाशी डोळे मिटून उभी. खोगीर दिसलं की ती लंगडायला लागायची. शेषेरावानं बिचारीचा पाय म्हणून कितीदा हळदीचा लेप लावला. मग एकदा घाईत तिचा पाय चुकला, काल डावा धरला होता तो आज उजवा धरला, आणि सोंग उघडं पडलं. तरी तिनं लंगडणं काही सोडलं नाही.

यंदा वराती नव्हत्या. लग्नं पुढं ढकललेली, वैरण मोजकी, आणि गाव दिवसभर रिकामं. घोड्याच्या जातीला सगळं सोसतं, रिकामपण सोसत नाही. शेषेरावाचं घर शाळेच्या समोरच होतं. पाखरी खुंट्याला उभी राहून दिवसभर टाकीकडं बघायची, कारण बघायला दुसरं होतंच काय?

पहिल्यांदा तिनं चांगुणाची भाकरीची फडकी पळवली आणि शाळेच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवली. मग पदर ओढायला लागली. चांगुणा दगड घेऊन लंगडत मागं धावली, तर पुढं पाखरीही लंगडत निघाली. पाण्याला आलेल्या म्हाताऱ्या बायका हसून हसून खाली बसल्या. चांगुणानं घोडीला तिच्या सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या, आणि शेवटी तिलाही हसू आवरेना.

हसू फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी ती भाकरी खायला शाळेच्या पडवीत गेली आणि परत येऊन बघते तर तोटी सुरू, खाली चिखल झालेला. आपलीच चूक झाली असं तिला वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिनं दांडीला सुतळी आवळून बांधली. घटकाभरात सुतळी सुटून खाली पडलेली आणि धार चालू. संध्याकाळी कामावरून आलेल्या बायकांच्या निम्म्या घागरी रिकाम्या राहिल्या. तहानलेलं माणूस कुणाला सोडतं? "ध्यान न्हाई तिचं." "झोपती जनू." आणि सगळ्यांच्या मागून शेषेरावाचा मऊ आवाज आला, "तिला बोलू नका रे. तिला झेपंना, एवढंच. आमच्या भावकीतला मारोती हाय, त्यो बसंल टाकीवर."

चांगुणाला पुढचं सगळं दिसलं. आज पाणी सांडलं म्हणून आपण उठलो, तर उद्या लोक पाणी विसरतील आणि तेवढंच लक्षात ठेवतील, की वाड्यातली बाई बसवून बघितली, जमलं नाही. पुन्हा आपल्यातलं कुणी इथं बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन पडवीकडं निघाल्यासारखी गेली आणि गडग्याआड लपली. पाखरीनं गाठ सोडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. चोरानं यावं तशी, खूर न वाजवता टाकीशी आली आणि खालच्या ओठानं दांडी ओढली. धार लागली. पण ती प्यायली नाही. तिनं नाकपुडीनं धारेतलं पाणी तोटीवर उडवलं. पुन्हा उडवलं. पुन्हा. तोटी पार ओली झाल्यावर मग दोन घोट घेतले, मान वर केली, आणि कान टवकारून शाळेकडं बघत उभी राहिली.

चांगुणाला आधी हसू फुटलं आणि लगेच विरलं. रोज सकाळी जे आपल्याला दिसतं ते या जनावरालाही दिसत होतं. तिनं धावत जाऊन तोटी बंद केली आणि संध्याकाळी अप्पांना गाठलं. घोडी तोटी उघडते एवढंच सांगितलं. धुण्याचं तिच्या तोंडून निघालं नाही.

"घोडी?" अप्पा म्हणाले.

"माझ्या डोळ्यांनी बघितलं, अप्पा."

शेषेरावाच्या हे मनाला लागलं. "हे बघ चांगुणे, तुझी चूक झाली तर झाली म्हन. मुक्या जिवावर कशाला ढकलतीस?" तरी अप्पांनी पंचाईत मिटवायची म्हणून घोडीला टाकीपाशी आणून मोकळी सोडली. सगळं गाव कोंडाळं करून, श्वास रोखून बघत राहिलं. पाखरीनं गावाकडं बघितलं. जांभई दिली. शेषेरावाच्या कानाला नाक घासलं. तोटीकडं तिनं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. कुणीतरी म्हणालं, "उद्या म्हनंल, शेळीनं टँकर चालवला," आणि गावाला बऱ्याच दिवसांनी हसायला मिळालं. अप्पांनी निकाल दिला, अजून एकदा पाणी सांडलं की मारोती बसेल.

तेव्हापासून चांगुणाचा जीव टांगणीला लागला. एक हात दांडीवर, एका हातात भाकरी. घरी गेली तरी कान टाकीकडं. जरा कुठं पाणी ठिबकल्यासारखं वाटलं की ताडकन उठायची. भीमा म्हणाला, "आगं, तुझ्यापायी मला झोप न्हाई. उठ म्हनले तर उठायचं, काम काय तेवढंच हाय का?" ती फिसकारली, "मी उठनार न्हाई. उठवून तर बघू द्या."

पाखरीही तेवढीच अस्वस्थ. दुपारी यायची, टाकीभोवती चकरा मारायची, फुरफुरायची, पायानं माती उकरायची. बादलीत पाणी ठेवलं तर हुंगून सोडून द्यायची. तिची नजर तोटीवर नव्हती, चांगुणावर होती. ते ध्यानात आल्यावर चांगुणा विचारात पडली. मग एका दुपारी तिनं मुद्दाम पाठ फिरवली. पाण्याच्या वासानं येणाऱ्या शेळ्या हाकल्यासारखं केलं. मागं दांडी खटकली. "आगं ए भवाने!" म्हणून ती ओरडत वळली, तशी पाखरीनं चारी पाय उचलून उडी घेतली, शेपूट वर करून शाळेला वळसा घातला, आणि कोपऱ्याआडून मान काढून बघायला लागली, येती का न्हाई धरायला?

चांगुणानं तोटी बंद केली आणि मटकन खाली बसली. घोडीला पाणी नको होतं. तिला कुणीतरी मागं धावायला हवं होतं. त्या दिवशी अख्खं गाव खांबासारखं उभं राहून बघत होतं, धावणारं कुणी नव्हतं, म्हणून ती नुसती जांभया देत बसली. रिकाम्या गावात दिवसभर एकटं बसणं काय असतं, हे चांगुणाला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तिला घोडीचा राग आला, आणि मायाही वाटली.

बाजारच्या दिवशी कामाला सुट्टी होती, गाव घरी होतं, आणि जीप आली. टाकीचं पाणी पुरत नाही अशी तक्रार लातूरपर्यंत गेली होती. काळा चष्मा लावलेला तरुण साहेब उतरला. शेषेरावानं त्याला खाट टाकून दिली आणि गोड आवाजात सांगितलं, "बाई चांगली हाय सायेब, पन तिला जमंना."

चांगुणा उठून उभी राहिली. तिनं टाकीला पाठ टेकली. "सायेब, पानी कोन सांडतं ते मी दावते. फकस्त सगळ्यांनी तोंडं फिरवायची. कुनी घोडीकडं बघायचं न्हाई. मी वरडले की वळायचं."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"तुमीबी."

अप्पांनी घसा खाकरला आणि स्वतः आधी पलीकडच्या लिंबाच्या झाडाकडं तोंड केलं. सरपंचच वळल्यावर बाकीच्यांचा इलाज नव्हता. म्हाताऱ्या, तरणे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, जीपचा ड्रायव्हर, सगळे टाकीकडं पाठ करून उभे राहिले. साहेबही उठला आणि शाळेच्या भिंतीवरचे पाढे वाचायला लागला. शेषेराव सगळ्यात शेवटी वळला. चांगुणानं शेळ्या हाकायला म्हणून दोन पावलं टाकली आणि रोजच्यासारखी बडबड सुरू केली, "मेलं ऊन, मेल्या शेळ्या, मेलं नशीब."

एवढी माणसं, आणि एकाचंही लक्ष नाही! पाखरीला असं सुख कधी मिळालं नव्हतं. दावं सुटल्याचा आवाज झाला. खुरांचा झाला नाही. दांडी खटकली, धार लागली, आणि चांगुणा सगळा जीव एकवटून ओरडली.

गाव वळलं. पाखरी पळाली नाही. आज एवढे जण आलेत म्हटल्यावर तिला चेव चढला होता. तिनं नाकपुडीनं पाणी तोटीवर उडवलं. पुन्हा उडवलं. मान तिरकी करून, तोटी सगळीकडून भिजली का ते बघितल्यासारखं केलं, आणि आणखी एकदा उडवलं. मग प्यायली.

साहेब टाळ्या वाजवून हसला. "अरे, ही तर तोटी धुऊन पाणी पिते! हे कुणाकडून शिकली?"

हसणारा तो एकटाच होता. गावातलं एकही माणूस हसलं नाही. कुणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, कुणी पोराचं नाक पुसलं. ज्यांनी ती धुण्याची रीत रोज रांगेत उभं राहून बघितली होती, त्या सगळ्यांनी ती आता घोडीकडून होताना बघितली. शेषेरावाचा हात खांद्यावरच्या उपरण्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

चांगुणा पुढं झाली. तिनं आधी तोटी बंद केली. मग म्हणाली, "मालकाकडनं शिकली, सायेब. तोटीला माझा हात लागतो ना, म्हनून त्ये धुऊन घेतात. जनावर रोज बघतं, त्याला वाटलं पानी असंच प्यायचं असतं."

साहेबानं चष्मा काढला. मग तो अप्पांना म्हणाला, "आजपासून तोटीला हात फक्त या बाईंचा लागेल. ज्याला पाणी हवं, त्यानं यांच्या हातून घ्यायचं." आणि खाटेवर न बसता जीपमध्ये जाऊन बसला.

शेषेरावानं घरातून चाबूक आणून उगारला. आयुष्यात कधी त्यानं पाखरीवर तो उगारला नव्हता, नुसता भिंतीला टांगलेला असायचा. चांगुणा लंगडत मध्ये आली. "तिला हानू नका दादा. तिनं काय मनानं केलं?" चाबूक न मारताच खाली आला. शेषेराव घोडीला घेऊन घरात गेला आणि दार लोटलं.

त्यानंतर त्याच्या घरचं कुणी टाकीवर फिरकलं नाही. गुणाबाई ओढ्यातल्या झऱ्यावर जाऊन वाटी-वाटीनं पाणी खरवडून आणते, असं बायकांनी सांगितलं. चांगुणा जिंकली होती, पण तिला चैन नव्हतं. समोरचं दार उघडतं का, याकडं दिवसभर डोळे. उघडावं असं तिला का वाटत होतं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

अखेर एका भर दुपारी ते उघडलं. गाव कामावर गेलेलं. शेषेराव पाखरीला धरून आला आणि चार हातांवर थांबला. ओठ सुकलेले, दाढी वाढलेली. "घोडीला पाज," तो दुसरीकडं बघत म्हणाला. "झऱ्याचं पानी ती तोंडात घेईना."

चांगुणानं बादली भरून ठेवली. पाखरी प्यायली. "आन् तुमी?" चांगुणानं विचारलं.

तो पुढं आला, वाकला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्यापुढं धरली. वरून ओत, असं.

चांगुणाचा हात जागच्या जागी थबकला. तिची सासू विहिरीच्या काठाला अशीच वाकून उभी राहायची, घटका घटका, कुणी वरून ओतेल का म्हणून. तसं ओतावं असं तिला वाटलं. खूप वाटलं. तिनं आपला पितळी तांब्या भरला आणि ओंजळीत न ओतता तसाच पुढं केला. "ओंजळ कशाला? हातात घ्या."

शेषेरावानं तांब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. हात पुढं आले, अर्ध्यात थांबले. तेवढ्यात मधूनच पाखरीनं मान घातली, तांब्याचा काठ दातात धरला आणि झटका दिला. पाणी सगळं शेषेरावाच्या अंगावर, तांब्या धुळीत.

"आगं ए!" दोघं एकदम ओरडले.

पाखरीला तेच हवं होतं. ती शेपूट वर करून शाळेमागं पसार झाली. शेषेराव भिजून उभा होता. त्याच्या मिशांतून पाणी ठिबकत होतं. चांगुणानं तोंडाला पदर लावला. त्यानं वाकून तांब्या उचलला, धोतराला पुसून त्यावरची माती काढली, आणि हात लांब करून तो तिच्यापुढं धरला.

"भर," तो म्हणाला. आवाजात गोडवा नव्हता. त्याचा तसा आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला.

तिनं भरला. त्यानं तांब्या ओठाला लावला, शेवटपर्यंत रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. दुसऱ्यांदा भरताना चांगुणाचे डोळे भरून आले, आणि ते आनंदानं नव्हे, रागानं. एवढ्या साध्या गोष्टीला एक घोडी लागावी, याचा राग.